रोज तीन अध्याय, तरी उपाशी

प्रश्न : काकू, जय ख्रिस्त. माझं माहेर मिरजेचं, सासर बेळगावचं. लग्नाला दहा-बारा वर्षं झाली. मी खासगी दवाखान्यात नर्स आहे, महिन्यातले निम्मे दिवस नाईट ड्यूटी. नवरा उद्यमबागेत कारखान्यात. सासरी कन्नड बोलतात, आमच्या चर्चमध्ये उपासनाही कन्नडमध्येच. बाजारापुरतं, पेशंटशी बोलण्यापुरतं कन्नड मला चांगलं येतं, पण उपदेश डोक्यावरून जातो. गेल्या पावसाळ्यात आई गेली. ड्यूटीमुळे शेवटची भेट झाली नाही, पोहोचले ती थेट मातीला. तेव्हापासून प्रार्थना होत नाही. डोळे मिटते, 'हे प्रभू' म्हणते, पुढे शब्दच नाहीत. मोबाइलवर वर्षात बायबल वाचून संपवायची योजना लावली आहे, रोजचे तीन अध्याय चुकवत नाही. स्वयंपाक करताना, बसमध्ये उपदेशाचे व्हिडिओ ऐकते. तरी आत काही उतरत नाही. आईचं बायबल आणून कपाटात ठेवलंय, ते उघडवत नाही. काही महिने प्रभुभोजनही (उपासनेत मेजाजवळ मिळणारी भाकर आणि द्राक्षरस) घेतलेलं नाही, असं कोरडं मन घेऊन मेजाजवळ जायची भीती वाटते. ओळखीच्या एक बाई उपवास-प्रार्थनेला बोलावतात. त्या म्हणतात, घरात काहीतरी पाप लपलंय म्हणून आशीर्वाद अडलाय. शेजारच्या मावशी आषाढीची वारी करून आल्या, त्यांचा चेहरा बघून मला चक्क हेवा वाटला. माझा विश्वास संपला का? शहरात मराठी उपासना होते तिकडे जायला लागू का? सासूबाईंना वाईट वाटेल अशी भीती वाटते.

उत्तर :

ताई, जय ख्रिस्त.

ज्याचा विश्वास संपलाय त्याला प्रभुभोजनाची भीती वाटत नाही. तो रविवारी सकाळी पांघरूण ओढून झोपतो आणि अकरा वाजता मटण आणायला जातो. तुम्हाला मेजाजवळ जायची धास्ती वाटते, म्हणजे ते मेज तुमच्या लेखी अजून खरं आहे. तेव्हा पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'नाही' असं आहे, आणि ते मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून देत नाही.

तुमचं पत्र वाचताना मला दुसरंच काहीतरी खुपलं. दिवसभरात तुमच्या कानांत आणि डोळ्यांत किती जातंय ते बघा. बायबलमध्ये 66 पुस्तकं आणि 1189 अध्याय आहेत. वर्षात संपवायचे तर रोज तीन-सव्वातीन अध्याय पडतात. कधी लेवीय, कधी गणना, कधी वंशावळ्यांची लांबलचक नावं. त्यावर बसमधला एक उपदेश, कांदा चिरताना दुसरा, झोपताना तिसरा. आणि तुमच्या तोंडून देवाकडे जातात ते दोन शब्द. वाढणाऱ्यांची रांग लागली आहे आणि घास मात्र एकही पोटात जात नाही, अशी ही पंगत आहे. तिथे आणखी वाढून काय होणार?

म्हणून माझा पहिला सल्ला ऐकायला विचित्र वाटेल. ती वर्षाची योजना बंद करा, आजच. मोबाइलवरची हिरवी खूण एक दिवस चुकली म्हणून देव गैरहजेरी मांडत नाही. निर्गमच्या 16 व्या अध्यायात रानात देवाने रोज खायला दिलेल्या मान्न्याची गोष्ट आहे. ज्याने त्याने त्या दिवशी लागेल तेवढाच गोळा करायचा. काहींनी उद्यासाठी ठेवून पाहिला, तर त्यात किडे पडले आणि घाण सुटली. साठवण चालली ती फक्त शब्बाथाच्या, म्हणजे विश्रांतीच्या दिवसाच्या, आदल्या दिवशी. येशूने शिकवलेल्या प्रार्थनेतही भाकर मागितली आहे ती आजची. वर्षभराचं धान्य मागायची सोय तिथे नाही.

व्हिडिओही महिनाभर बंद ठेवा. सगळे उपदेशक वाईट असतात असं मी म्हणत नाही, काही फार चांगलं बोलतात. पण लाखभर लोकांशी एकाच वेळी बोलणाऱ्या माणसाला तुमचं नाव ठाऊक नसतं, आणि 'काल रात्री झोप लागली का?' हे तो विचारू शकत नाही. तुम्हाला सध्या गरज आहे ती असं विचारणाऱ्याची.

त्या रिकाम्या जागी मार्कचं शुभवर्तमान घ्या. चारांत सगळ्यात लहान, 16 अध्यायांचं. छापील पुस्तकातून, मराठीतून. एका वेळी एकच प्रसंग : पक्षाघाती माणसाला छपरातून खाली सोडलं तो, याइराच्या मुलीचा, वादळात नावेत येशू उशीवर डोकं ठेवून झोपला होता तो. मोठ्याने वाचा, थांबा, पुन्हा एकदा वाचा. मग त्यातल्या एखाद्या माणसाच्या जागी उभं राहून येशूला एक वाक्य बोला. एकच. संपलं त्या दिवसाचं. महिनाभरात पुस्तक निम्मंही झालं नाही तरी चालेल.

आता एलीयाकडे चला, कारण तुमच्यासारखीच गत त्याची झाली होती आणि तो तर संदेष्टा होता. 1 राजेच्या 18 व्या अध्यायात तो कर्मेल डोंगरावर एकटा साऱ्यांपुढे उभा राहतो, स्वर्गातून अग्नी उतरतो. पुढच्याच अध्यायात ईजबेल राणीची धमकी आल्यावर तो जीव घेऊन पळतो. बैर-शेब्याला चाकराला मागे ठेवतो, एक दिवसाची वाट रानात चालतो, एका झुडपाखाली बसतो आणि म्हणतो, पुरे झालं, आता माझा जीव घे. एवढं बोलून झोपी जातो.

देवाने त्याला काय उत्तर दिलं? उपदेश केला नाही. 'काल एवढा मोठा चमत्कार पाहिलास आणि आज हे?' असंही म्हटलं नाही. दूताने येऊन त्याला हलवलं आणि सांगितलं, उठ, खा. उशाशी निखाऱ्यांवर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. त्याने खाल्लं, पाणी प्यायला आणि पुन्हा झोपला, आणि त्यालाही कुणी हरकत घेतली नाही. दूत दुसऱ्यांदा आला, पुन्हा खाऊ घातलं, कारण पुढची वाट त्याच्या ताकदीबाहेरची होती. मग 40 दिवस आणि 40 रात्री चालून तो होरेबला पोहोचला, आणि तिथे गेल्यावर देवाने पहिल्यांदा विचारलं, एलीया, तू इथे काय करतोस? झोप, भाकर, पुन्हा झोप, पुन्हा भाकर, चाल, आणि मग प्रश्न. आपण हा क्रम उलटा करतो आणि वर देवालाच दोष देतो.

तुम्ही रात्रभर वॉर्डात उभ्या असता. सकाळी घरी आल्यावर डोळे चोळत अर्धा तास प्रार्थनेला बसायचा हट्ट सोडा. चहा घ्या, काहीतरी खा, 'आमच्या स्वर्गातील पित्या' एवढी एक प्रार्थना म्हणा आणि झोपा. दिवसपाळीच्या आठवड्यात मार्क वाचा. आणि हे तुम्ही स्वतः पेशंटला सांगत असालच, पण सांगणाऱ्यालाच कुणी सांगत नाही म्हणून लिहिते : झोप आणि भूक आठवडेच्या आठवडे गेली असेल, कशातच मन लागत नसेल, जगणं नकोसं वाटत असेल, तर डॉक्टरांना भेटा. धारवाडला डिमहान्स हे मानसिक आरोग्याचं सरकारी रुग्णालय आहे, बेळगावहून जाऊन येण्यासारखं. सरकारची टेलिमानस ही हेल्पलाइन 14416 या नंबरवर चोवीस तास फुकट चालते. मन दुखणं म्हणजे विश्वास कमी असणं नव्हे. गोळी घेणारा माणूस देवावर कमी भरवसा ठेवतो, असं मधुमेहाच्या पेशंटबद्दल आपण कधी म्हणतो का?

'हे प्रभू' च्या पुढे शब्द येत नाहीत, यामागे आणखी एक कारण असावं असं मला वाटतं. जे बोलायचंय ते बोलायची परवानगी नाही असं तुम्ही धरून चालला आहात. आई गेली, तुम्ही पोहोचला नाहीत, त्याचा राग आहे. देवावर असेल, दवाखान्यावर असेल, स्वतःवर तर आहेच. आणि आपल्या चर्चमध्ये आपण शिकलोय ते 'सर्व गोष्टींबद्दल उपकार मान'. मग राग घशात अडकतो, आणि त्याच्या मागे रांगेत उभी असलेली बाकीची प्रार्थनाही अडकते.

स्तोत्रसंहितेत असं नाही. 13 वं स्तोत्र काढा. सहाच वचनं. पहिल्या दोन वचनांत 'कोठवर' हा प्रश्न चारदा विचारलाय : कोठवर मला विसरणार, कोठवर तोंड लपवणार. 88 वं तर असं आहे की रविवारी ते कुणी वाचायला घेत नाही. आपल्याकडची बहुतेक दुःखाची स्तोत्रं शेवटी स्तुतीकडे वळतात, हे वळतच नाही. अंधारात सुरू होतं, अंधारातच संपतं. तरी ते बायबलमधून कुणी काढलं नाही. आणि वधस्तंभावर येशूच्या तोंडी 22 व्या स्तोत्राची पहिली ओळ होती, 'माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?' ज्याला पुत्राने हे विचारलेलं चाललं, त्याला तुम्ही 'माझ्या आईच्या वेळी तू कुठे होतास' असं विचारलेलं चालणार नाही का? विचारा. मोठ्याने, मराठीत, घरात कुणी नसताना. रडू आलं तर रडा. तीही प्रार्थनाच आहे आणि ती बहुधा तुमची कित्येक महिन्यांतली पहिली खरी प्रार्थना ठरेल.

आईचं बायबल कपाटातच राहू द्या. अमुक तारखेला उघडते असं ठरवू नका, कुणी 'उघड म्हणजे मोकळी होशील' म्हटलं तरी नको. कपाटातून ते कुठे पळून जात नाही.

आणि ड्यूटीबद्दल. तुम्ही त्या रात्री मजा करत नव्हता. कुणाच्या तरी आईच्या उशाशी होता. 'मी आजारी होतो आणि तुम्ही माझ्या समाचाराला आलात' हे मत्तयच्या 25 व्या अध्यायातलं वाक्य तुमच्यासारख्यांच्याच कामाबद्दल आहे. याने दुःख कमी होत नाही, मला माहीत आहे. पण अपराधाचं ओझं निदान खोटं आहे हे कळावं.

आता त्या उपवास-प्रार्थनेच्या बाई. उपवास आणि प्रार्थना दोन्ही आपल्या परंपरेतल्या गोष्टी आहेत, त्याला माझी ना नाही. पण आई गमावलेल्या मुलीला 'घरात पाप लपलंय' असं सांगणं, हे कुठल्या शुभवर्तमानातून आलं ते मला एकदा त्यांना विचारायचंय. योहानच्या 9 व्या अध्यायात शिष्यांनी जन्मांध माणूस पाहून येशूला नेमकं हेच विचारलं : पाप कुणी केलं, याने की याच्या आईबापांनी? येशू म्हणाला, याने नाही आणि याच्या आईबापांनीही नाही. एवढं स्पष्ट उत्तर दोन हजार वर्षांपूर्वी मिळालंय, तरी प्रश्न काही थांबत नाही. सगळं गमावून बसलेल्या ईयोबाचे मित्रही आधी सात दिवस आणि सात रात्री त्याच्याबरोबर जमिनीवर गप्प बसले होते. तोवर ते उत्तम मित्र होते. बोलायला लागले आणि बिघडलं. तिथे जाऊ नका. त्या सभेत पुढे 'विश्वासाचं बी पेरा' म्हणून पैशाची पिशवी फिरू लागली तर त्या दिवशी मोबाइल घरी विसरला असं समजा आणि उठा.

प्रभुभोजनाबद्दल मात्र मला सविस्तर लिहायचंय, कारण इथे तुमची भूक आणि तुमची भीती समोरासमोर उभ्या आहेत. अयोग्य रीतीने खाणारा स्वतःवर दंड ओढवून घेतो, हे 1 करिंथकर 11 मधलं वाक्य लहानपणापासून आपल्याला ऐकवलं जातं आणि ते मनात भुतासारखं बसतं. पण तो अध्याय 17 व्या वचनापासून वाचा. करिंथमध्ये काय चाललं होतं? लोक एकत्र जेवायला जमत, आणि ज्यांच्याजवळ होतं ते इतरांची वाट न बघता आधीच खाऊन घेत. एक भुकेला राही, दुसरा पिऊन झिंगे. हे पत्र लिहिणारा पौल चिडलाय तो यावर. गरिबाला लाजवून, मंडळीला तुच्छ मानून जेवणं, ही ती अयोग्य रीत. तिथे कोरड्या मनाच्या, रडवेल्या, प्रार्थना न सुचणाऱ्या माणसाबद्दल एक अक्षर नाही. शेवटी त्याचा सल्लाही साधा आहे : जेवायला जमाल तेव्हा एकमेकांची वाट पाहा.

आणि त्या पहिल्या रात्रीच्या पंगतीत कोण बसलं होतं ते आठवा. कोंबडा आरवायच्या आत तीनदा नाकारणारा पेत्र तिथे होता. बाकीचे काही तासांत पळून जाणार होते. लूक तर सांगतो की धरून देणाऱ्याचा हातही त्याच मेजावर होता. योग्यता तपासून बसवायचं असतं तर येशूला एकट्यालाच जेवावं लागलं असतं.

तुमचं चर्च मेथडिस्ट असेल तर, आणि बेळगावात ती शक्यता मोठी, मेथडिस्ट चळवळ सुरू करणाऱ्या जॉन वेस्लींचं उदाहरण तुम्हाला घरचंच वाटावं. 24 मे 1738 ला लंडनच्या ऑल्डर्सगेट रस्त्यावरच्या एका सभेत त्यांचं अंतःकरण उबदार झालं, ही गोष्ट प्रत्येक संडे स्कूलमध्ये सांगतात. पुढची सांगत नाहीत. जेमतेम सात-आठ महिन्यांनी, जानेवारी 1739 मध्ये, त्यांनी रोजनिशीत लिहिलं की आपण अजून ख्रिस्ती नाही. ऊब आली आणि गेली. तरी त्यांनी काम सोडलं नाही आणि मेजही सोडलं नाही. प्रार्थना, शास्त्रवाचन आणि प्रभुभोजन यांना ते कृपेची साधनं म्हणत. मनात भावना असो की नसो, कृपेची वाट बघायची ती या साधनांपाशीच, असं त्यांचं सांगणं होतं. प्रभुभोजन हे विश्वास पक्का झालेल्यांचं बक्षीस आहे असं ते मानत नसत, त्यातूनच माणूस विश्वासाकडे वळू शकतो असं म्हणत. आजाऱ्यांना भेटणं हेही त्यांनी कृपेच्या साधनांत धरलं होतं. तेव्हा पुढच्या वेळी मेज मांडलं जाईल, तेव्हा उठून जा. मनात काही हललं नाही तरी जा. हात पुढे करणं एवढंच तुमच्याकडून अपेक्षित आहे.

भाषेचा प्रश्न तुम्ही जवळजवळ माफी मागितल्यासारखा लिहिलाय. त्यात माफी कसली? सीमाभागातल्या घराघरांत हे चालतं. भांडण एका भाषेत, हिशेब दुसऱ्या भाषेत, आणि दुखलं-खुपलं की आईची भाषा. रडताना कुणी व्याकरण जुळवत बसत नाही. बेळगावच्या ख्रिस्ती मंडळीला तर एकाहून अधिक भाषांची सवय सुरुवातीपासून आहे. लंडन मिशनरी सोसायटीचे जोसेफ टेलर 1820 मध्ये इथे आले तेव्हाही गावात मराठी, कन्नड आणि छावणीमुळे तमिळ बोलणारे होते. 1904 मध्ये ते काम मेथडिस्ट मिशनकडे आलं. तेव्हा एकाच छताखाली दोन भाषा म्हणजे काही नवं संकट नाही.

करायचं ते असं. शनिवारी पाळकसाहेबांना फोन करून किंवा निरोप पाठवून उद्याचा शास्त्रपाठ कोणता ते विचारून घ्या. कुठल्याही पाळकाला हा प्रश्न ऐकून आनंदच होईल, बहुतेकांना तो कुणी विचारतच नाही. रात्री तो भाग मराठीतून वाचा. रविवारी मांडीवर मराठी बायबल उघडं ठेवा. अध्याय तोच, वचनाचा आकडा तोच, त्यामुळे वाचन कन्नडमध्ये चाललं तरी बोट बरोबर सरकतं. उपदेश निम्मा कळला तरी पुष्कळ. आणि एक स्तोत्र कन्नडमध्ये पाठ करा, 23 वं : 'येहोवनु ननगे कुरुबनु, कोरतेपडेनु', म्हणजे आपलं 'परमेश्वर माझा मेंढपाळ'. सासूबाईंकडूनच शिका. त्यांना ते लहानपणापासून पाठ असणार.

घरच्या संध्याकाळच्या प्रार्थनेत मात्र तुमची पाळी आली की मराठीतच बोला. दोन वाक्यं. सासूबाईंना सगळं कळणार नाही, तरी त्या शेवटी 'आमेन' म्हणतील, आणि ती आमेन पूर्ण किमतीची असेल. दहा-बारा वर्षांत त्यांनी तुम्हाला प्रार्थना करताना तुमच्या आवाजात कधी ऐकलंय का? मला शंका आहे. त्यांनाही कधीतरी आई गमवावी लागली असेल. एखाद्या दुपारी भाजी निवडताना विचारून बघा, 'अत्ते, तुमची आई गेली तेव्हा तुम्ही काय केलंत?' उत्तर कन्नडमध्ये येईल आणि तुम्हाला ते कळेल.

शेजारच्या मावशींचा हेवा वाटला, यात लाजायचं काही नाही. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला, पण तुकारामांच्या वाटेनेच आपण ख्रिस्तापर्यंत आलो असं ते सांगत. ख्रिस्ताची गाणी त्यांनी अभंगात बांधली, कीर्तनात नेली. मिरजेच्या चर्चमध्ये तुम्ही लहानपणी टाळ-पेटीवर म्हटलेल्या भजनांत त्यांची कितीतरी असतील. मावशींच्या चेहऱ्यावर तुम्हाला जे दिसलं ते काय होतं, याचा जरा विचार करा. त्या रोज चालल्या, रोज गायल्या, ओळखदेख नसलेल्या बायकांबरोबर पत्रावळीवर जेवल्या, आणि कुणीतरी त्यांना 'माउली' म्हणून हाक मारली. प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या 2 ऱ्या अध्यायात पहिल्या मंडळीचं वर्णन आहे, त्यातही हेच : शिक्षण, सहवास, भाकर मोडणं, प्रार्थना. तुमच्याकडे यातलं पहिलं भरमसाट आहे. दुसरं आणि तिसरं जवळजवळ नाही, म्हणून चौथं बंद पडलंय.

सहवास म्हणजे महिला समाजाची मीटिंग आणि चहा-बिस्किटं एवढंच नव्हे, जरी चहा-बिस्किटांना मी कमी लेखणार नाही. 1742 मध्ये ब्रिस्टलच्या चर्चचं कर्ज फेडायला वेस्लींच्या लोकांनी दर बाराजणांमागे एक पुढारी नेमला, त्याने आठवड्याला घरोघर जाऊन प्रत्येकाकडून एक पेनी गोळा करायची. पैसे गोळा करता करता लक्षात आलं की या निमित्ताने एकमेकांची खरी विचारपूस होते. कर्ज बाजूला राहिलं आणि त्यातून मेथडिस्टांचे लहान वर्ग उभे राहिले, जिथे दर आठवड्याला एकमेकांना विचारायचं, जिवाचं कसं चाललंय? तुमच्या दवाखान्यात ख्रिस्ती नर्सेस नक्की असतील, मराठी, कन्नड, कोकणी, मल्याळी. दोघी-तिघी पुरेत. ज्या दिवशी तिघींची सुटी जुळेल त्या दिवशी एकीच्या घरी जमा, जेवा, एकमेकींना तेवढाच प्रश्न विचारा आणि 'आमच्या पित्या' म्हणून उठा. उपदेश कुणी करायचा नाही, हा नियम पहिल्याच दिवशी घाला.

राहिला शेवटचा प्रश्न, मराठी उपासनेला जाऊ लागू का. महिन्यातून एकदा जा, बिनधास्त. गीतपुस्तक हातात घेऊन पोटभर गा, तुमच्या घशाला त्याची गरज आहे. पण कायमचं तिकडे जाऊ नका, निदान या वर्षी नको. दुःखात घेतलेले असे निर्णय पुढे घरात वर्षानुवर्षं बोलले जातात. जिथे प्रभुभोजनाच्या मेजाशी सासूबाई शेजारी गुडघे टेकतात ते चर्च धरून ठेवा. नवऱ्याला आधी सांगा, मग सासूबाईंना, आणि दोन्हीकडच्या पाळकांना तुम्ही स्वतः सांगा, म्हणजे बाहेरून कळून चर्चा व्हायची नाही. पहिल्या खेपेला नवऱ्यालाही बरोबर न्या. त्याला सगळी गाणी कळायची गरज नाही, तुम्ही बारा वर्षं तसंच काढलंय.